गाडी गेली, नाव राहिलं तर?

बाबांची स्प्लेंडर विकायला मी पुण्याहून जालन्याला गेले. गाडी 2010ची, एमएच 21 पासिंग, टाकीवर अजून 'हिरो होंडा'. पंधरा वर्षं झाली म्हणून पाच वर्षांचं री-पासिंगही झालेलं. शोरूमवाला एक्स्चेंजमध्ये 8 हजार म्हणाला. बाबांचा चेहराच उतरला.

मग बदनापूरचा एक पोरगा आला, एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये कामाला. 18 हजार, रोख! फक्त म्हणाला, ''ताई, नावाचं नंतर बघू की.'' बाबा लगेच विरघळले. ''अगं, चांगला पोरगा आहे. 29-30 नंबरच्या फॉर्मवर सह्या करून देतो, झालं.''

इथे मी खलनायिका झाले. सह्या केलेले कोरे फॉर्म सीटखाली वर्षानुवर्षं पडून राहतात, बॉस! आणि 2018मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलंय, आरसीवर नाव ज्याचं, अपघाताची भरपाई त्याच्या माथी. त्या केसमधली गाडी तर तीन-चार हात पुढे गेली होती. शिवाय विकल्याचं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते वेगळंच.

''माणसावर विश्वासच नाही तुम्हा लोकांचा,'' बाबा म्हणाले. दोन तास अबोला. शेवटी ट्रान्सफरच्या खर्चाचे हजार रुपये आम्ही सोडले, पोरगा तयार झाला.

आरटीओपर्यंत गाडी बाबांनीच चालवली, तो मागे बसला. परतले ते रिक्षाने. हेल्मेट मात्र द्यायचं विसरले. की नाही विसरले, कोण जाणे.