थांबणे म्हणजे सोडणे नव्हे

“आता या वयात शिकून काय कलेक्टर व्हायचे आहे?” हा प्रश्न मला चाळीतल्या किती जणींनी विचारला असेल! विचारणाऱ्या काही वाईट नव्हत्या. पण ध्येय म्हणजे मोठी खुर्ची, अशी आपली समजूत झाली आहे. खुर्ची मिळणार नसेल तर कष्ट कशाला घ्यायचे?

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. सुमारे अडीच लाख कामगार संपात उतरले, त्यांत माझे वडीलही होते. त्यांना पुन्हा काम मिळाले नाही. आई डबे करू लागली आणि आठवी होताच मी शाळा सोडून तिच्या हाताखाली लागले. २०१० साली, वयाच्या ४१ व्या वर्षी, परळच्या रात्रशाळेत मी नववीला नाव घातले.

मन टिकते कशाने? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी त्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत: काम आपण स्वतः निवडलेले असावे, ते आपल्याला जमते आहे असे वाटावे आणि माणसांची सोबत असावी. रात्रशाळेत मला या तिन्ही मिळाल्या. नाव माझे मीच घातले होते. बीजगणिताचे पहिले गणित सुटले तेव्हा अंगात बळ आले. बाकावर शेजारी कँटीनमध्ये राबून आलेली पोरे बसत. मला ‘मावशी’ म्हणत आणि वडापावातला अर्धा तुकडा पुढे करीत.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांचे म्हणणेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. नुसते ‘अभ्यास करीन’ असे न म्हणता तो केव्हा आणि कुठे करणार हे ठरवले, तर तो होण्याची शक्यता वाढते. माझे ठरले होते: रात्रीची भांडी घासून झाली की ओट्यापाशी बसून अर्धा तास गणित.

आणि मध्येच खंड पडला तर? परळच्याच बी.आय.टी. चाळीत राहिलेल्या बाबासाहेबांचे उदाहरण पाहा. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तके पाणतीराने समुद्रात बुडाली. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांची मदत घेतली आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली डी.एस्सी. झाले. मधली तीन वर्षे ते थांबले होते, पण त्यांनी ध्येय सोडले नव्हते. मदत घेण्यातही त्यांनी कमीपणा मानला नाही.

२०१२ साली मी दहावी पास झाले. खुर्ची मिळाली नाही. डबे आजही करते. पण बँकेचे, रेशनचे फॉर्म माझे मीच भरते आणि मजल्यावरच्या चारजणी आपले फॉर्म घेऊन माझ्याकडे येतात.

भगिनींनो, आपले राहून गेलेले ध्येय मुलांच्या डोक्यावर लादू नका. त्यांना त्यांचे ध्येय निवडू द्या. आणि तुमचे राहिले असेल, तर आज रात्री त्यासाठी अर्धा तास आणि घरातला एक कोपरा नेमून टाका!