चट्टे पॉलिशच्या आधीचे

कपाटाच्या दारांना ओकचं विनिअर लावलं, त्यावर वॉलनट रंगाचा स्टेन मारला आणि चट्टे उठले. कुठे काळपट, कुठे फिक्कट, एका दाराच्या कडेला तर तळहाताएवढा पिवळट डाग. सुतार म्हणे स्टेन खराब, पॉलिशवाला म्हणे सुताराचं काम घाण. दुकानदाराचा सल्ला त्याहून सोपा: अजून दोन हात मारा. शेवटी ओळखीतल्या एका जुन्या पॉलिश कारागिरांना बोलावलं.

त्यांनी आधी डब्याला हातच लावला नाही. टॉर्च दाराला आडवी धरून बराच वेळ पाहत राहिले. मग थिनरने ओलसर केलेल्या चिंधीने स्टेन पुसून काढला. पिवळट डाग तसाच राहिला. "हा ग्लू वर आलाय," ते म्हणाले. विनिअर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, ओकची छिद्रं मोठी. ग्लू जास्त झाला की दाबाखाली आरपार येतो आणि तिथे लाकूड रंग पीत नाही. घासून काढावा तर त्याच्याबरोबर विनिअरच जातं आणि खालचं प्लाय दिसतं. काळपट जागांचं उलट. तिथे रेषा तिरक्या, त्यामुळे लाकूड रंग अधिक शोषतं.

त्यांनी २२० नंबरच्या पेपरने हलका हात फिरवला, पातळ केलेल्या लाखेचा एक हात दिला आणि रंग लाकडात मुरवायचाच नाही असं ठरवलं. तो फिनिशमध्ये मिसळून गनने पातळ थरांत मारला. पिवळट डागावर बारीक ब्रशने चक्क लाकडाच्या रेषा काढल्या. मला तर हे काम पॉलिशपेक्षा चित्रकलेच्या जवळचं वाटलं.

एक गोष्ट मात्र गेली नाही. शेजारशेजारच्या पट्ट्या एक गडद, एक उजळ दिसतात आणि पलीकडून पाहिलं की गडद ती उजळ होते. बुकमॅचिंगमध्ये विनिअरचं एकाआड एक पान उलटं लावतात, त्यामुळे प्रकाश वेगळा परततो. त्याला इलाज नाही. मला तर ते आवडतं.

तुमच्याकडे काम निघालं, तर स्टेन मारण्याआधी कोऱ्या विनिअरवर टर्पेंटाइनची चिंधी फिरवायला सांगा. ग्लूच्या जागा लगेच फिक्कट दिसतात. आणि रंगाचा नमुना दुकानातल्या तक्त्यावर पसंत करू नका. तुमच्याच शीटच्या उरलेल्या तुकड्यावर, शेवटच्या हातापर्यंत करून मागा.