कॅमेरा मिळेल, आधी थिअरीला बस

चि. मुक्ता हिस,


ताईचा परवा फोन आला होता. तू मास कम्युनिकेशनचं बीएएमएमसी सोडून बीकॉमला जायचं म्हणतेस, असं कळलं. फोनवर मी समजावायला लागलो की तू नुसतं ‘हं, हं’ करत राहतेस, म्हणून हे पत्र.

तुझी तक्रार अशी की, पहिलं सेमिस्टर संपत आलं तरी कॅमेऱ्याला हात लावू दिलेला नाही. नुसती थिअरी आणि कायदा. शिवाय नोट्स झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळतात आणि गटाच्या प्रोजेक्टमध्ये एकजण राबतो, पाचजणांची नावं लागतात. यातलं शेवटचं खरं आहे, मला माहीत आहे. आमच्या वर्तमानपत्राच्या डेस्कवर दर उन्हाळ्यात तुमच्या कोर्सचे इंटर्न येतात. त्यातले चांगले कोण आणि नाव चिकटवलेले कोण, हे पहिल्या कॉपीतच कळतं.

यंदाच्या एका मुलाचं सांगतो. पाणीटंचाईची बातमी करायला पाठवलं. त्याने मोबाइलवर टँकरभोवतीच्या हंड्यांचं असं काही शूट आणलं की संपादकही खुर्ची ओढून बघत बसले. मग मी विचारलं, टँकर पालिकेचा की खासगी? किती लिटरचा? पैसे कोणी भरले? वॉर्ड ऑफिसातला अभियंता काय म्हणाला? एकाचंही उत्तर नाही. कॉपीत एकच वाक्य होतं: नागरिकांत संतापाचे वातावरण आहे. कोण नागरिक, तेही नाही. शूटिंग तो स्वतःच शिकला होता, तूही शिकशील. तुझी रील्स बघता निम्मं शिकलीच आहेस. प्रश्न विचारायचं मात्र त्याला कोणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं त्या तासाला तो कँटीनमध्ये होता.

लासवेलचा सिद्धांत तुला रटाळ वाटतो. कोण म्हणतो, काय म्हणतो, कोणत्या माध्यमातून, कोणाला, आणि परिणाम काय? १९४८ मधले हे पाच प्रश्न. परीक्षेसाठी पाठ केले तर रटाळच आहेत. उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एखाद्या फॉरवर्डला ते लावून बघ, विशेषतः पहिला. शॅननच्या आकृतीतले चौकोन तू वहीभर काढलेस म्हणे. तो बेल लॅबमधला गणिती-अभियंता. संदेश तारेतून बिनचूक पोचावा एवढीच त्याला काळजी. त्याचा अर्थ काय, हा त्याचा प्रश्नच नव्हता. हे सरांनी सांगितलं नसेल तर तू वर्गात विचार.

अर्थाचं काय होतं ते बघायचं तर खेडा प्रकल्प वाच. १९७५ च्या ऑगस्टमध्ये नासाच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही दाखवायला सुरुवात झाली. तो ‘साइट’चा प्रयोग. वर्षभराने उपग्रह परत गेला आणि प्रयोग संपला. गुजरातेत मात्र अहमदाबादच्या ‘इस्रो’च्या लोकांनी खेडा जिल्ह्यात, पीज गावच्या छोट्या ट्रान्समीटरवरून, वेगळंच काम केलं. कार्यक्रम तिथल्या माणसांना विचारून, त्यांच्याच बोलीत, त्यांनाच घेऊन केले. विषय कोणते? किमान मजुरी, जातिभेद, दारू. ज्याच्या शेतावर मजूर राबत होता तोही तेच बघत होता. १९८४ मध्ये या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तुम्ही ‘डेव्हलपमेंट कम्युनिकेशन’ म्हणून दोन ओळींत उरकता ते हे. माझ्या मते भारतीय टीव्हीवर इतकं शहाणं काम नंतर फारसं झालंच नाही.

राहिला कायदा. २०१२ च्या नोव्हेंबरात, बाळासाहेब ठाकरे गेले त्यानंतरच्या बंदवर, पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. दुसरीने त्या ‘लाइक’ केल्या. दोघींना अटक झाली. त्या तेव्हा साधारण तुझ्याच वयाच्या होत्या. पुढे श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ ला त्या दोघींना लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द झालं. एवढ्याने हुरळू नकोस. बदनामी अजूनही फौजदारी गुन्हा आहे. आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत कैद. ते तुला नेमकं माहीत असेल तर तू लिहिताना घाबरणार नाहीस आणि वाहवतही जाणार नाहीस. आमच्याकडे वीस वर्षं काढलेल्यांनाही ते धड माहीत नसतं, हे आपल्यात ठेव.

नोकरीची खात्री मी देत नाही. वर्तमानपत्रातला पगार ताईला विचारू नको, मला विचार. बीकॉमवाल्याला बरा मिळतो. पैशासाठी जायचं असेल तर खुशाल जा, मी ताईची समजूत घालीन. कॅमेरा हातात देत नाहीत म्हणून मात्र जाऊ नकोस.

तोवर एक काम कर. तुमच्या वॉर्ड ऑफिसात माहिती अधिकाराचा अर्ज टाक. दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गल्लीतला रस्ता वर्षात किती वेळा खोदला आणि बुजवायला किती खर्च आला, एवढंच विचार. उत्तर आलं की तीनशे शब्दांत कॉपी लिही आणि मला पाठव. लाल पेनाने परत येईल, तयारी ठेव.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा