माथेरानचे घोडे व त्यांचें मीठ

थंड हवेच्या ठिकाणीं जाणाऱ्या मुंबई-पुण्याकडील कुटुंबांस माथेरानची नव्यानें ओळख करून देण्याची आवश्यकता नाहीं. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचें लक्ष या डोंगराकडे गेलें. १९०७ सालीं नेरळहून नागमोडी वळणें घेत चिमुकली आगगाडी वर आली. आणि २००३ सालीं मध्यवर्ती सरकारनें हा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. प्रवाशांच्या मोटारींस गांवांत आजहि मज्जाव आहे. दस्तुरी नाक्यापाशीं गाडी सोडावी लागते, व तेथून बाजारपेठेपर्यंतची सुमारें अडीच किलोमीटरांची वाट पायीं, आगगाडीनें किंवा घोड्यावरून काटावी लागते. २०२२ च्या अखेरीस विजेच्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला खरा. तथापि घोड्यांवांचून माथेरान ही कल्पना अद्यापि कोणाच्या मनांत येत नाहीं. माणसांप्रमाणेंच धान्याच्या गोण्या व गॅसच्या टाक्याहि याच मुक्या प्राण्यांच्या पाठीवरून गांवांत येतात.

गेल्या वैशाखांत आम्ही सहकुटुंब तेथें चार दिवस राहिलों. समुद्रसपाटीपासून सुमारें अडीच हजार फूट उंचीचें हें पठार झाडीनें गर्द आहे, आणि सकाळसंध्याकाळ हवा मोठी आल्हादकारक असते. परंतु दुपारीं तांबड्या मातीच्या वाटा तापतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर वाऱ्यांत इतका दमटपणा येतो कीं, अंगावरील घाम वाळतां वाळत नाहीं. अशाच एका दुपारीं लुईसा पॉइंटकडून परततांना मुलांना घेऊन आलेल्या घोड्यांच्या मानेवर व मांड्यांमध्यें साबणासारखा पांढरा फेस आलेला आम्हांस दिसला. पाण्याच्या हौदापाशीं घोडे नेले, तों त्यांतील एकानें पाणी नुसतें हुंगलें आणि मान फिरविली.

“मामा, जनावर एवढें घामाघूम झालें असून पाण्याला तोंड कां लावीत नाहीं?” असें आम्हीं वृद्ध घोडेवाल्यास विचारलें.

“त्याला तहान समजत न्हाई, साहेब. आधीं मीठ, मग पाणी,” असें म्हणून त्यानें पुरचुंडी सोडली, भिजविलेल्या कोंड्यांत चिमटीभर मीठ कालविलें व तोबरा घोड्याच्या तोंडास बांधला. कांहीं वेळानें तोच घोडा हौदांत तोंड घालून घटाघटा पाणी पिऊं लागला.

म्हाताऱ्याचें हें बोलणें शास्त्राच्या कसोटीस पूर्णपणें उतरतें. स्नायू काम करितात तेव्हां खर्च होणाऱ्या शक्तीपैकीं जवळजवळ तीनचतुर्थांश शक्ति उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. ती घालविण्यास घोड्याजवळ घामाहून मोठें साधन नाहीं. कडक उन्हांत सतत दौडणारा मोठा घोडा तासास दहा ते पंधरा लिटर घाम गाळतो. डोंगरावरच्या चालत्या तट्टूचा घाम याहून कमी. परंतु तोहि दिवसभर चालूच असतो. लॅथरिन नांवाचें एक प्रथिन या घामांत असल्यामुळें तो केसांतून पसरतो, आणि फेस येतो तो त्याचाच.

मनुष्याच्या व घोड्याच्या घामांत एक महत्त्वाचा भेद आहे. आपला घाम रक्ताहून अळणी असतो. त्यामुळें घाम गेला म्हणजे मागें राहिलेलें रक्त अधिक खारट होतें व मेंदूस तहानेची सूचना मिळते. घोड्याचा घाम मात्र रक्ताइतकाच, किंबहुना किंचित् अधिक खारट असतो. एका लिटरांत सुमारें दहा ग्रॅम क्षार, म्हणजे मुख्यत्वें सोडियम, क्लोराइड व पोटॅशियम निघून जातात. पाणी व मीठ बरोबरच गेल्यामुळें रक्ताचा खारटपणा वाढत नाहीं, आणि शरीर शुष्क होत असतांहि घोड्यास तहान लागत नाहीं. क्षारांची फारच हानि झाली तर स्नायू आंखडतात, आणि कधीं कधीं छातीचा पडदा हृदयाच्या ठोक्याबरोबर उडूं लागून कुशी फडफडूं लागतात.

गवतांत पोटॅशियम विपुल असतें. सोडियम मात्र अत्यल्प. म्हणून पांचशें किलो वजनाच्या घोड्यास बसून असतांहि रोज सुमारें पंचवीस ग्रॅम मीठ लागतें, व घाम गाळणाऱ्यास त्याच्या दुप्पट-तिप्पट. आपल्या पूर्वजांस ही गोष्ट ठाऊक होती. कौटिलीय अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाच्या प्रकरणीं उत्तम घोड्याच्या चंदींत पांच पलें मीठ नेमून दिलें आहे.

तथापि मीठ द्यावयाचें तें पाण्यासह. शुष्क झालेल्या घोड्यास पाण्यावांचून नुसते क्षार चारले, तर ते आंतड्यांत उलट शरीराचेंच पाणी ओढून घेतात. आणि घोड्यास ओकतां येत नाहीं, हें विसरतां कामा नये. आठवडाभर आधीं मीठ चारून साठा करण्यांतहि अर्थ नाहीं; जास्तीचें तें मूत्रावाटे निघून जातें. खाण्याचा सोडा तर देऊंच नये, कारण क्लोराइड गमावलेल्या घोड्याचें रक्त आधींच अल्कलीकडे झुकलेलें असतें. तापलेल्या घोड्याच्या अंगावर गार पाणी ओतूं नये, हा समजहि खरा नव्हे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपूर्वीं झालेल्या संशोधनानें तें निर्धोक व हितकर असल्याचें दाखविलें.

हें सर्व घोडेवाल्याचें काम, आपणांस त्याच्याशीं काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. परंतु वर्षभराची चंदी त्यास सुटीच्या थोड्या दिवसांतील फेऱ्यांवर मिळवावी लागते. हौदापाशीं घालविलेली पंधरा मिनिटें म्हणजे त्याची तेवढी बुडालेली मजुरी. गिऱ्हाईक घाई करील, तर बिचारा घोडा तसाच पुढच्या फेरीस जुंपला जाईल. म्हणून माथेरानास जाणाऱ्या मंडळींनीं सकाळची वेळ साधावी, वाटेंत पाण्यासाठीं थांबण्यास आपण होऊन सांगावें व त्या खोटीचे चार पैसे आनंदानें द्यावे. खोगिरासह स्वाराचा भार घोड्याच्या वजनाच्या पंचमांशाहून अधिक नसावा, असा सर्वसामान्य संकेत आहे. तीनशें किलोंच्या तट्टावर तो साठच किलो होतो; तेव्हां आमच्यासारख्या सुखवस्तु देहाच्या गृहस्थांनीं पायींच जावें हें उत्तम.

खाल्ल्या मिठास जागण्याचा गुण आपण जनावरांत मोठ्या कौतुकानें वाखाणतों. त्यास तें मीठ वेळेवर मिळतें कीं नाहीं, एवढी चौकशी रिकिबींत पाय घालण्यापूर्वीं करणें कांहीं कठीण नाहीं.