सहा रात्री, सात दिवस

प्रत्येक धंद्याची एक बोली असते, आणि ती धंद्याबाहेरच्या माणसाला सहसा कळूं नये अशीच पुष्कळदां योजना असते. दलालांचीं रुमालाखालचीं बोटें, वैद्याची चिठ्ठी, वकिलाचा मसुदा हीं सारीं एकाच जातीचीं. परंतु प्रवासाच्या धंद्याची बोली मला थोडी निराळी वाटते. तिच्यांतले बहुतेक शब्द आपल्या ओळखीचे असतात. अर्थ तेवढा ओळखीचा नसतो. जुना वर्गमित्र रस्त्यांत भेटावा आणि त्यानें आपल्याला भलत्याच नांवानें हांक मारावी, तशांतला हा प्रकार आहे.

गेल्या पावसाळ्यांत काशी, प्रयाग व गया या सहलीचें एक माहितीपत्रक माझ्या हातीं आलें. मथळा होता 'सिक्स नाइट्स, सेव्हन डेज'. रात्री आधीं कां आणि दिवस मागून कां, हें मला कांहीं वेळ उमगेना. मग ध्यानांत आलें कीं, पैसे रात्रीचे पडतात. दिवस कोणीच विकत नाहीं. तो रात्रीबरोबर वाटाण्याफुटाण्यासारखा वर मिळतो. पहिल्या दिवशीं दिवेलागणीस खोलींत पोचायचें आणि सातव्या दिवशीं पहाटे ती सोडायची, तरी दिवस सातच! पण या हिशेबाला आपण हंसूं नये. आपला 'मुक्काम' तरी दुसरें काय मोजतो? मूळ अरबी 'मकाम' म्हणजे उभें राहण्याची जागा. आपल्या पूर्वजांनीं त्यांत एक रात्र घातली, आणि पंढरपूर इतक्या मुक्कामांवर, तुळजापूर तितक्या मुक्कामांवर असें ते बोलूं लागले. 'मजल' हीसुद्धां 'मंझिल'च, म्हणजे उतरण्याचें ठिकाण. चालणें किती झालें हें पाय सांगतात. भाषा मात्र आपण कोठें आडवे झालों एवढेंच लक्षांत ठेवते.

त्या पत्रकांत दरांच्या कोष्टकाशेजारीं 'मॅप' असा शब्द होता. आमच्या घरांत त्यावर बरीच चर्चा झाली. नकाशाचे वेगळे पैसे पडतात कीं काय, अशी एकाची शंका. वस्तुतः तो जेवणाचा करार आहे. हॉटेलांच्या जगांत चार करार चालतात. 'ई.पी.', म्हणजे युरोपी पद्धत, हींत नुसती खोली. पोटाचें ज्याचें त्यानें पाहावें. 'सी.पी.' हींत खोली व सकाळची न्याहारी. 'ए.पी.', म्हणजे अमेरिकी पद्धत, हींत दिवसाचीं सारीं जेवणें. आणि तिच्यांतून एक जेवण वजा केलें म्हणजे उरतें तें 'मॅप'. एके काळीं अमेरिकेंतल्या हॉटेलांत खोलीबरोबर जेवण धरलेलें असे व युरोपांत तें निराळें आकारीत, त्याची ही आठवण आहे. आज वाराणशीच्या एखाद्या हॉटेलांत पुरीभाजी खाणारा नागपूरकर अमेरिकी पद्धतीनें राहत असतो, आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

आणखी एक शब्द 'पॅक्स'. सहलीच्या कचेरींत माणसें मोजीत नाहींत, पॅक्स मोजतात. 'पांच पॅक्सचें बुकिंग आहे का?' हा उतारूवाचक इंग्रजी शब्दाचा संक्षेप. योगायोग असा कीं, लॅटिन भाषेंत याच अक्षरांचा अर्थ शांतता असा होतो. आणि तीन मुलें व दोन म्हाताऱ्या माणसांसह प्रवास केलेल्या कोणालाही त्यांतली थट्टा समजावून सांगायला नको.

मला या परकीय शब्दांचा राग येत नाहीं. उलट कांहींची कुळी शोधूं लागलें कीं ते आपल्याच आळींतले निघतात. 'टूर' म्हणजे मुळांत फेरा, वर्तुळ. आणि आपला कलेक्टरसाहेब ज्यावर जातो तो 'दौरा'ही मुळांत फेराच. एक फ्रेंचांकडून आला, दुसरा फारसीच्या द्वारें, पण दोघेही निघाले तेथें परत येणारे. 'सफारी'ची गोष्ट तर याहून गोड आहे. अरबी 'सफर' आपल्याकडे आली, आपण सफर केली, मुसाफिर झालों. तोच शब्द पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला, स्वाहिली भाषेंत 'सफारी' झाला, तेथून इंग्रजांच्या बंदुकांबरोबर विलायतेस गेला, आणि आतां उघड्या जिप्सी गाडींत बसून ताडोब्याच्या व पेंचच्या रानांत परत आला आहे. १९५५ सालीं ताडोब्याचें राष्ट्रीय उद्यान झालें, तेव्हां आमच्याकडील माणसें रानांत 'वाघ पाहायला' जात. आतां 'सायटिंग' होतें किंवा होत नाहीं. वाघ दिसला नाहीं तर मनाला रुखरुख लागते. सायटिंग झालें नाहीं तर पैसे बुडाल्यासारखें वाटतें. हा फरक मला बारीक वाटत नाहीं.

या रानांमुळें आमच्या शहराला धंद्याच्या बोलींत एक पदवी मिळाली आहे. नागपूर हें 'डेस्टिनेशन' नव्हे, 'गेटवे' आहे. म्हणजे येथें उतरायचें आणि शक्य तितक्या लवकर दुसरीकडे जायचें. नागपूरकर म्हणून मला हें प्रथम झोंबलें. ज्या गांवच्या सीताबर्डींत शून्य मैलाचा दगड उभा आहे, ज्याच्या अंगावर हैदराबाद, रायपूर, जबलपूर, शिवनी यांचीं अंतरें कोरलीं आहेत, त्या गांवाला दरवाजा म्हणावें? पण निवांतपणें विचार करतां दगडानें तरी याहून वेगळें काय सांगितलें आहे? तोही येथून कोठें जातां येईल तेवढेंच सांगतो. १९४९ सालच्या ३० जानेवारीपासून रात्रीच्या हवाई टपालाची व्यवस्था सुरू झाली, तेव्हां मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चारी दिशांचीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास जमत, टपालाच्या थैल्या बदलीत आणि उजाडायच्या आंत आपापल्या गांवीं परत जात. साऱ्या देशाचीं पत्रें आमच्या उशाशीं अदलाबदल होत होतीं, आणि त्यांतलें आमचें असें थोडेंच. विमानधंद्यांत नागपूरचें लघुनाम 'एन.ए.जी.' असें आहे. सलग उच्चारल्यास इंग्रजींत त्याचा अर्थ कटकट किंवा म्हातारें घोडें. शून्य मैलाशेजारीं चार घोडे उभे आहेत खरे, पण ते बरेच तरतरीत आहेत.

धंद्याची परिभाषा कोणाला प्रवासी म्हणते हा प्रश्न मात्र थट्टेचा नाहीं. संयुक्त राष्ट्रांनीं आंकडेवारीसाठीं पर्यटकाची व्याख्या केली आहे: नेहमीच्या परिसराबाहेर, एका वर्षाहून कमी काळ, तेथें नोकरी धरण्याखेरीज कोणत्याही हेतूनें जो जाईल आणि निदान एक रात्र राहील, तो पर्यटक. आमच्या शेजारचें रामटेक म्हणजेच मेघदूतांतला रामगिरि, असें नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं साधार मांडलें. त्या गिरीवर राहणाऱ्या यक्षाला ही व्याख्या लावून पाहिली. कामांत हयगय केली म्हणून त्याला शाप मिळाला तो बरोबर एका वर्षाचा. वर्षाहून कमी नव्हे. यक्ष तेवढ्या एका अटीनें गळतो! आणि गळावाच. संस्कृतांत 'प्रवास' म्हणजे मूळचें घराबाहेर, दूर वसणें. त्यांत हौस नाहीं, विरह आहे. तोच शब्द आपण आज महाबळेश्वरच्या सहलीला लावतों, यावरून आपलें किती बरें चाललें आहे तें दिसतें.

उलट बाजू दीक्षाभूमीवर दिसते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, अशोक विजयादशमीस, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं तेथें आपल्या अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. तेव्हांपासून दरवर्षीं त्या दिवसांत लाखों माणसें नागपुरास येतात. रेल्वेनें येतात, ट्रकांनीं येतात, डोक्यावर बोचकें आणि त्यांत भाकरी घेऊन येतात. मोकळ्या मैदानावर रात्र काढतात, आणि जातांना पुस्तकें विकत घेऊन जातात. व्याख्येप्रमाणें हे सारे पर्यटक आहेत. परंतु धंद्याच्या कोष्टकांत ते कोठेंच बसत नाहींत. कारण त्यांनीं खोली घेतलेली नसते, 'ए.पी.' नाहीं कीं 'ई.पी.' नाहीं. माझ्या मतें नागपूर हें डेस्टिनेशन कोणाचें, याचें उत्तर त्या बोचक्यांत आहे.

आतां त्या माहितीपत्रकाकडे वळतों, कारण तें माझ्यासाठीं आलेलें नव्हतें. तें माझ्या आत्यानें मागविलें होतें. आतोबा रेल्वेच्या कचेरींत होते. निवृत्त झाल्यावर पासावर दोघांनीं काशी करायची असें त्यांचें ठरलें होतें. निवृत्तीला दोन वर्षें राहिलीं असतां ते गेले. त्यानंतर मुलांचीं शिक्षणें, लग्नें, नातवंडें यांत बावीस वर्षें गेलीं, आणि एके दिवशीं आत्यानें कपाटांतून पैसे काढून टेबलावर ठेवले.

आम्ही सीताबर्डीवरच्या त्या कचेरींत गेलों. तेथील तरुण मोठा अदबीचा होता. त्यानें दर दाखविला व खालीं बारीक अक्षरांत असलेल्या ओळीवर पेन ठेवलें: 'पर पर्सन ऑन ट्विन शेअरिंग बेसिस'. म्हणजे एका खोलींत दोघें धरून त्यांतल्या एकाचा दर. एकट्या माणसाला त्यावर 'सिंगल सप्लिमेंट' पडतें. रक्कम लहान नव्हती.

"एकटीला जास्त पैसे काऊन रे बाबू?" आत्यानें विचारलें. तिचें माहेर वर्ध्याकडचें. अडचणीच्या वेळीं ती तिकडची बोली काढते.

"काकू, खोली तर पूर्णच द्यावी लागते ना. अर्धी खोली नसते."

"मग दर लिहितांना अर्धं माणूस कसं मोजतां?"

तो हंसला, उत्तर त्याच्याजवळ नव्हतें, आणि तें त्यानें शोधावें अशी माझी अपेक्षाही नव्हती. हिशेब त्याचा बरोबरच होता. पण एकटेपणाला 'पुरवणी' हें नांव देणारा हिशेब मीं पूर्वीं कोठें वाचला नव्हता. जुन्या काळीं काशीची वाट चालणाऱ्यांत एकट्या बायका पुष्कळ असत. गांवचा संघ निघे, त्याच्या मागें त्या लागत. धर्मशाळेंत ओळीनें पथाऱ्या पडत, आणि कोणाची पथारी अर्धी, कोणाची पुरी हा प्रश्न उठत नसे. तो काळ मला परत नको आहे. वाटेंत पटकी होती, चोर होते, आणि क्षेत्रींचे पंडे दक्षिणेसाठीं यजमानाचे धोतर सोडायचे तेवढे बाकी ठेवीत. तरी त्यांच्या वहींत माणसाला गांव होतें, कूळ होतें, आजोबापणजोबा होते. तेथें कोणी 'सिंगल' नव्हता.

शेवटीं त्या तरुणानेंच तोड काढली. अमरावतीच्या एक निवृत्त शिक्षिका अशाच एकट्या निघाल्या होत्या. दोघींची संमति असेल तर खोली एक, दर साधा. आत्यानें त्यांच्याशीं फोनवर पांच मिनिटें बोलून घेतलें. घोरतां का, पहाटे कितीला उठतां, पंखा लागतो का, एवढेच प्रश्न. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "याच्या कागदावर काय लिहिलंय? ट्विन. म्हणजे जुळीच ना? घे, सत्तरींत मला जुळी बहीण झाली."

सहल सहा रात्रींचीच झाली. प्रयागच्या पंड्याच्या वहींत आत्याला तिच्या सासऱ्यांची सही सांपडली, मोडींत. आतोबांचें नांव तिनें त्याखालीं लिहवून घेतलें. परत आल्यावर घरीं मावंदें घातलें. अमरावतीच्या बाई त्यासाठीं मुद्दाम आल्या आणि दोन दिवस राहिल्या. धंद्याच्या बोलींत अशा येण्याला 'व्ही.एफ.आर.' म्हणतात, म्हणजे मित्र व नातलग यांच्या भेटीसाठीं केलेला प्रवास.

कचेरीनें अभिप्रायाचा एक छापील कागद पाठविला होता. खोलीची स्वच्छता, जेवणाची चव यांना आत्यानें सढळपणें गुण दिले. 'प्रवासाचा हेतु' या रकान्यांत विरंगुळा, व्यवसाय, भेट व इतर अशीं चार घरें होतीं. विरंगुळा तिला पटेना. व्यवसायावर पेन क्षणभर थांबलें. मग तिनें 'इतर'वर खूण केली आणि पुढच्या रेघेवर लिहिलें: 'राहिलेलें काम'.

महिन्याभरानें त्याच कचेरीकडून तिला बदरी-केदारचें माहितीपत्रक आलें, दर अर्थात् ट्विन शेअरिंगचेच. तें तिनें अमरावतीस फोन करून सबंध वाचून दाखविलें, बारीक अक्षरांसकट.