तिरपा उजेड

पावसाळा लागला की फोटोवाले मामा मोठी कामं घेत नसत. लग्नसराई सरलेली असे, शाळांचे ग्रुप फोटो दिवाळीनंतर. जून ते सप्टेंबर फक्त पासाचे फोटो, आणि उरलेला वेळ भिंगं जपण्यात जायचा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या इगतपुरीत भिंगाला बुरशी लागायला आठवडाभराचा हलगर्जीपणा पुरतो. कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी रेघ आतल्या काचेवर उमटते आणि काचेवरचा लेपच खाऊन टाकते. म्हणून मामांचे कॅमेरे पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात असत, आणि डब्यात सिलिका जेलच्या पुरचुंड्या. निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की एका जुन्या तव्यावर मंद आचेने परतायचे, पुन्हा निळे करायचे. ते काम माझ्याकडे होतं. साल १९८४, मी सातवीत.

स्टुडिओ स्टेशनापासून चालत पाच मिनिटांवर. वडील रेल्वेत असल्यामुळे आमचं निम्मं आयुष्य गाड्यांच्या वेळेवर चालायचं. १८६५ पासून थळ घाटाची ती सदतिसात एक अशी चढण चढून गाडी वर येते. कसाऱ्याला मागे लावलेली बँकर इंजिनं इगतपुरीला सुटतात. तेव्हा तर मुंबईकडचा डीसी प्रवाह इथे संपायचा आणि पुढे एसी लागायचा, म्हणून मुख्य इंजिनही इथेच बदलायचं. तेवढ्या वेळात फलाटावर वड्यांचा घाणा निघायचा, आणि रेल्वेची माणसं मामांकडे पळत येऊन फोटो काढून जायची.

मामांनी स्टुडिओ काढला १९६९ साली. त्याच वर्षी अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना कागदावर उतरवली. उजेड पडला की विद्युतभार साठवणाऱ्या खणांची रांग, आणि तो भार एका खणातून दुसऱ्यात सरकवत मोजायचा. पुढे २००९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. मामांना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांच्याकडे दोन भिंगांचा यशिका होता, आणि ग्रुपसाठी त्यांच्या वडिलांकडून आलेला घडीच्या भात्याचा लाकडी कॅमेरा. रोल इंदू छापाचा, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा. एका रोलमध्ये बारा फोटो. बारा पुरे होईपर्यंत रोल धुतला जायचा नाही, त्यामुळे पावसाळ्यात पासाच्या फोटोलाही चार-चार दिवस लागत आणि कुणी त्याबद्दल कुरकुरत नसे.

आज मी गोंदे-वाडीवऱ्हेच्या पट्ट्यात कारखान्यांना तपासणीचे कॅमेरे बसवून देतो. रेल्वेनंतर इथल्या पोरांना यंत्रावरची नोकरी मिळाली ती महिंद्रच्या इंजिन कारखान्यात आणि पुढे या पट्ट्यात. मीही त्यातलाच एक. माझ्या हातातला कॅमेरा काड्यापेटीहून जरासा मोठा. त्याला ना पडदा, ना बटण. मागे नेटवर्कच्या केबलची जागा आणि एक गोल जोडणी, पुढे भिंग फिरवून बसवायचा एक इंचाचा आटा. आट्याच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर १७.५२६ मिलिमीटर, जगभर तेच. ते हललं की फोकस गेला. आतला सेन्सर आता सीसीडीचा नाही, सीमॉसचा. आडवे ५,४७२ आणि उभे ३,६४८ ठिपके, म्हणजे वीस मेगापिक्सेल, आणि एकेक ठिपका २.४ मायक्रॉनचा.

हे आकडे ऐकून नवी मुलं हरखतात. मीही हरखलो होतो. पण कामाला लागलं की पहिला प्रश्न अगदी साधा असतो: बघायचं काय आहे? समजा अ‍ॅल्युमिनियमचं ११० मिलिमीटर रुंदीचं कव्हर आहे. एवढी रुंदी ५,४७२ ठिपक्यांत बसवली तर एका ठिपक्याच्या वाट्याला येतात ०.०२ मिलिमीटर. दशांश मिलिमीटरचा ओरखडा पकडायचा तर त्याच्यावर पाच ठिपके पडतात, तेवढे पुरतात. मग ३५ मिलिमीटरचं भिंग घ्यायचं, कव्हरापासून साधारण ३३ सेंटिमीटरवर कॅमेरा घट्ट आवळायचा, शेजारच्या प्रेसचा हादरा तिथवर येत नाही ना ते हात ठेवून बघायचं. मामा ग्रुप फोटोच्या आधी शाळेच्या अंगणात पावलं मोजत जायचे, फरशीवर खडूने रेघ मारायचे आणि पोरांना म्हणायचे, “रेघ ओलांडायची नाही.” आम्हीही जमिनीवर पिवळा पट्टा मारतो.

एका बाबतीत मात्र मामांची शिकवण मला विसरावी लागली. लांब रांगेतला पहिला आणि शेवटचा मुलगा दोघंही स्वच्छ यावेत म्हणून ते लाकडी कॅमेऱ्याचं छिद्र पार एफ २२ पर्यंत बारीक करायचे. छिद्र बारीक तेवढा फोटो धारदार, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. नव्या कॅमेऱ्यावर तसंच केलं आणि चित्र दुधाळ, मऊ दिसायला लागलं. दोन दिवस मी भिंगाला दोष देत होतो. दोष उजेडाच्या स्वभावात होता. बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो. एफ २२ ला एका बिंदूचा ठिपका सुमारे ३० मायक्रॉनचा होतो. मामांच्या मोठ्या निगेटिव्हवर तो कुणाला दिसलाही नसता, इथे त्याने बारा पिक्सेल व्यापले. आता मी एफ ४ ते ५.६ च्या पलीकडे जात नाही, आणि मग फोकसची खोली कमी पडते म्हणून वस्तू एका पातळीत धरणारं फिक्श्चर चोख करून घेतो.

जोडणीचं काम पूर्वी नव्हतं. कॅमेऱ्याला पत्ता द्यावा लागतो, संगणकाच्याच नेटवर्कातला पण दुसऱ्या कुणाचा नसलेला. वीस मेगाबाइटचं एकेक चित्र गिगाबिट केबलमधून जातं ते सेकंदाला पाच-सहाच. नेटवर्क कार्डाचं पाकीट दीड हजार बाइटवरून नऊ हजारांवर नेलं नाही तर मधलीच चित्रं गळतात आणि पडद्यावर काळे पट्टे येतात. हे एकदा नीट लावलं की विसरून जायचं काम आहे.

विसरता येत नाही तो उजेड.

मामांच्या स्टुडिओत दोनच मोठे दिवे होते, पांढऱ्या कापडाआडचे, आणि एक हातात धरायचा. माणूस स्टुलावर बसला की मामा कॅमेऱ्याकडे जायचेच नाहीत. हातातला दिवा घेऊन त्याच्याभोवती फिरायचे. समोरून धरला की चेहरा सपाट. बाजूने, जरा खालून तिरपा धरला की गालावरचे देवीचे व्रण, कपाळावरची आठी, हनुवटीची खळी सगळं उठून यायचं. कुणाचे व्रण लपवायचे आणि कुणाच्या सुरकुत्या राहू द्यायच्या हे ते माणूस बघून ठरवायचे. एका म्हाताऱ्या पॉइंट्समनचा त्यांनी काढलेला फोटो मला अजून दिसतो. चेहऱ्याची रेघन् रेघ घाटातल्या वाटेसारखी.

माझ्या कामातलं निम्मं शहाणपण तेच आहे. यंत्रावर घासून चकचकीत केलेला धातू समोरून उजळला की आरसा होतो, कॅमेऱ्याला पांढरं फटफटीत दिसतं. तोच उजेड पृष्ठभागाला जवळजवळ घासत, तिरपा सोडला की सपाट भाग काळा पडतो आणि ओरखडा तेवढा चांदीच्या तारेसारखा चमकतो. याला आम्ही डार्क फिल्ड म्हणतो. वक्र, चमकदार भागाला घुमटाच्या आकाराचा दिवा लागतो, भोकाचा व्यास मोजायचा तर मागून. गिऱ्हाईक नेहमी कॅमेऱ्याची किंमत विचारतं, दिव्याची नाही. मी मात्र आधी टेबलावर वस्तू ठेवतो आणि हातात दिवा घेऊन तिच्याभोवती फिरतो.

हे मला पटवून दिलं ते तपासणीच्या टेबलावरच्या एका आप्पांनी. तीस वर्षं त्यांनी ट्यूबलाइटखाली कव्हरं तपासली होती. नग उचलायचा, अंगठा कडेवरून फिरवायचा, मनगट दोनदा वळवायचं, डाव्या नाहीतर उजव्या क्रेटमध्ये टाकायचा. एवढं जेमतेम चार सेकंदांत. मी कॅमेरा लावायला गेलो तेव्हा ते माझ्याशी नीट बोलले नाहीत, आणि ते रास्त होतं. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, “आप्पा, मनगट का वळवता?” ते म्हणाले, “सरळ बघून काय दिसतंय? कलतं केल्याशिवाय ब्लो-होल दिसत नाही.” नग ते कलता करत होते. कॅमेरा तर जागचा हलणार नव्हता, तेव्हा मीच उजेड कलता केला, त्यांच्या मनगटाच्या कोनात, आधी डावीकडून आणि मग उजवीकडून. दोन दिवे, दोन चित्रं. जे आप्पांना दिसत होतं ते पडद्यावर आलं. कुठला डाग चालतो, कुठला टूल मार्क आहे आणि कुठली सच्छिद्रता पुढे तेल गाळणार आहे, हे त्यांनी पुढचा महिनाभर शेजारी बसून एकेक नग दाखवत सांगितलं. यंत्रात भरलेले ते सगळे निकाल आप्पांचे आहेत. त्यावर त्यांचं नाव कुठेही लिहिलेलं नाही, ही गोष्ट मला सलते.

त्याच कामात पहिल्या पावसाळ्याने मला रडवलं. एप्रिलमध्ये लावलेलं सगळं उत्तम चालत होतं. जुलैत मात्र दिवसातून कधीही चांगले नग नापास व्हायला लागले. दहा मिनिटं नापास, मग आपोआप ठीक. मी केबल बदलली, पत्ता तपासला, सेन्सरवर फुंकणीने हवा मारली. शेवटी कंटाळून छताकडे बघितलं. पत्र्यात मधे मधे उजेडासाठी पारदर्शक पट्ट्या होत्या, आणि वरून घाटातले ढग जात होते. ढग आला की हॉलमध्ये सांज, सरला की दुपार. इगतपुरीत वाढून हे मला आधी सुचायला हवं होतं.

उपाय तीन केले. सरकत्या पट्ट्यावरून नग सेकंदाला २०० मिलिमीटर वेगाने जात होता. चित्र फिसकटू नये म्हणून उघडझाप एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाची, म्हणजे १०० मायक्रोसेकंदांची ठेवली, आणि नग टिपणाऱ्या वेगळ्या सेन्सरने तो आल्याचं कळवताच तेवढ्याच क्षणी दिवा भक्कन पेटेल असं केलं. एवढ्या थोड्या वेळात बाहेरचा उजेड आत फारसा शिरत नाही. दिवा लाल घेतला आणि भिंगावर फक्त लाल आत सोडणारी काच बसवली. मामांच्या डार्करूममध्येही लाल दिवा असायचा, कारण कागदाला लाल दिसत नाही. इथे कॅमेऱ्याला लालच तेवढा दिसू द्यायचा. आणि तिसरं, सगळ्यावरून काळं कापड टाकलं. कापड ओढून मी आत डोकं घातलं तेव्हा मला क्षणभर हायपोचा वास आला. लाकडी कॅमेऱ्याच्या मागे, त्या काळ्या कापडाखाली मामा मला कधीतरीच शिरू देत. आतल्या घासलेल्या काचेवर अख्खा सातवी ‘ब’ उलटा टांगलेला दिसायचा.

एक जागा ठरवायची, अंतर आणि उजेड बदलू द्यायचा नाही आणि एकामागून एक चित्र घ्यायचं, ही शिस्त आमच्या जिल्ह्याला परकी नाही. त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसनचा कॅमेरा आणला. पुढच्या वर्षीच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपासमोर तो लावला, आणि अंकुराची वाढ एकेक चौकट घेत टिपली. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटली ती त्या रोपामुळे. गरगर फिरणाऱ्या पट्ट्यासमोर उभा असलो की मला ते रोप आठवतं. फाळक्यांकडे ना ट्रिगर होता, ना सेन्सर. होता तो त्यांचा हात आणि तो जागचा न हलवलेला कॅमेरा.

माझ्या कॅमेऱ्यासमोर तीन सेकंदांना एक नग येतो असं धरलं तरी आठ तासांत ९,६०० चित्रं होतात. मामांच्या हिशेबात आठशे रोल. त्यांतली नापास तेवढी काही दिवस ठेवतात, बाकीची रात्री पुसली जातात. कुणाही माणसाने ती पाहिलेली नसतात. मामा निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यांत, बटर पेपरमध्ये गुंडाळून, नंबर घालून ठेवायचे. वीस वर्षांनी कुणी आलं, “आईचा एकच फोटो होता हो, तुमच्याकडे काढलेला,” तर त्यांना डबा सापडायचा. वीस मेगापिक्सेलची धार मी रोज बघतो, ती मला मनापासून आवडते. पण त्यातलं कुठलंच चित्र मागायला वीस वर्षांनी कुणी येणार नाही.

मामा गेले, स्टुडिओच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. लाकडी कॅमेरा त्यांच्या घरच्यांनी मला दिला. भात्याला चिरा गेल्यात, भिंग मात्र स्वच्छ आहे. बुरशीचा एक तंतू नाही.

कारखान्यातल्या कॅमेऱ्याच्या पेटीतही मी सिलिका जेल ठेवतो. परवा पाऊस कोसळत होता, भावलीकडचे डोंगर तीन दिवस दिसले नव्हते, आणि पेटीतली पुरचुंडी पार गुलाबी झाली होती. ती घरी आणली. वेगळा ठेवलेला जुना तवा काढला, आच मंद केली. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या हातात उलथनं दिलं आणि सांगितलं, घाई करायची नाही, हलवत राहायचं. पहिल्यांदा कडेचे दाणे निळे व्हायला लागले.