ओट्यावरची शिवण

पांढुर्णा हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल, ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे. वर्षातून एकदा वर्तमानपत्रांत आमचे नाव छापून येते. उरलेले दिवस आम्ही संत्री पिकवतो. नागपूरच्या उत्तरेला असलेला हा मुलूख बोलीने मराठी. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात गेला, तेव्हा छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो. पुढे २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. माझे आजोबा कोकणातून रेल्वेच्या नोकरीनिमित्त इकडे आले आणि इकडचेच झाले. आजी शेवटपर्यंत घरात कोंकणी बोलत असे. आमच्या जिभेवर मात्र वऱ्हाडी वळणाची मराठी बसली.

वडील मागे ठेवून गेले त्यांत संत्र्याची लहानशी बाग आणि एक अँबॅसडर मोटार. या गाडीचे उत्पादन २०१४ साली कायमचे थांबले. त्यामुळे तिचा एखादा भाग मोडला की तो जुन्या बाजारात शोधावा लागतो, नाहीतर दुरुस्त करून वापरावा लागतो. तिच्या स्टिअरिंगच्या चाकाला इकडच्या उन्हाने भेगा पडल्या होत्या. वैशाखात त्याला हात लावणे म्हणजे तापल्या तव्याला हात लावणे. मी बाजारातून एक तयार आवरण आणून चढवले. चार महिने ते बरे चालले. एके दिवशी सौंसरहून छिंदवाड्याकडे जात असता सिल्लेवानीच्या घाटात, वळणावर, माझे हात फिरले, आवरण फिरले आणि चाक मात्र जागच्या जागी राहिले. क्षणभराचीच गोष्ट. गाडी रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरून थांबली. शेजारी बसलेली पत्नी काही बोलली नाही; तिने फक्त देवाचे नाव घेतले. घरी आल्यावर ते आवरण मी कापून काढले आणि ठरवले, की आता चाकाला कातडे चढवायचे, तेही शिवून.

येथवर गोष्ट मोटारीची आहे. पुढची गोष्ट माझी आहे, आणि ती सांगताना थोडा संकोच वाटतो.

सौंसरला रस्त्याच्या कडेला एक वृद्ध चर्मकार बसतात. त्यांना मी भाऊ म्हणतो. त्यांचे वडील आमच्या विहिरीची मोट शिवीत असत. आजच्या मुलांना मोट चित्रातच दाखवावी लागेल. विजेचे पंप येण्यापूर्वी बागेला पाणी मिळे ते कातड्याच्या त्या मोठ्या पखालीतून. बैल उतारावरून चालत जात आणि मोट भरून वर येई. मोट गळू लागली की बाग सुकू लागे. म्हणजे आमच्या घरात जे अन्न शिजत होते, ते त्या शिवणीच्या आधारावर शिजत होते. पोळ्याला बैलांच्या गळ्यात घुंगरांचे नवे पट्टे पडत, तेही त्याच घरचे. सुगीला त्यांचे बलुते जाई.

आणि तरीही ते गृहस्थ कधी आमच्या ओट्यापलीकडे आले नाहीत. मोट ओट्याखाली ठेवीत. पैसे वरून त्यांच्या ओंजळीत सोडले जात. त्यांच्या चहाचा कप गोठ्याच्या कोनाड्यात निराळा असे, आणि तो ते स्वतः विसळून पालथा घालीत. अस्पृश्यता राज्यघटनेने १९५० साली रद्द केली होती. त्याआधी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले होते, आणि ते मंदिर खुले झालेही होते. माझे वडील साने गुरुजींची पुस्तके आम्हांला वाचून दाखवीत आणि वाचता वाचता त्यांचा कंठ दाटून येई. परंतु कोनाड्यातला कप तेथेच राहिला. मुलगा म्हणून मी ते सारे पाहिले. मोठा झाल्यावरही त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

याच घरात दर गुरुवारी भजन होत असे. मृदंगावर कातडे असते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी इकडच्या घराघरांत पोचली, तिच्यावरही कातडेच. आजी चतुर्थीच्या दिवसांत कोकणातल्या घुमटाची आठवण काढून हळवी होई. त्या घुमटाच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणीत; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर घोरपडीला हात लावता येत नाही, म्हणून आता बकऱ्याचे लावतात. म्हणजे आरतीचा नाद कातड्याशिवाय उमटत नव्हता. देवाला ते कातडे चालत होते. न चालणारा होता तो ते कमावणारा हात.

असो. मी भाऊंकडे गेलो आणि म्हणालो, "एवढे शिवून द्या, काय होतील ते पैसे घ्या." त्यांनी चाकाची सारी हकीगत शांतपणे ऐकून घेतली आणि आपले हात पुढे केले. बोटे वाकडी झाली होती. ते म्हणाले, "गुरुजी, आता माह्या हातात ओढ राह्यली नाई. मी सांगतो, तुम्ही शिवा." सत्तरीच्या घरात पोचलेल्या निवृत्त शिक्षकाला शिष्य व्हावयाची पाळी आली.

पहिला धडा मोजण्याचा. माझ्या चाकाचा व्यास ४१ सेंटिमीटर. म्हणजे बाहेरचा घेर सुमारे १२९. परंतु कड्याची जाडी अडीच सेंटिमीटर असल्याने आतला घेर ११३ च भरतो. एकाच पट्टीला बाहेरून ताणायचे आणि आतून आक्रसायचे, अशी दुहेरी मागणी. कापड येथे हरते, सुरकुत्या पडतात. पातळ कातडे भिजवले तर ही मागणी पुरी करते. भाऊंनी चाकाला आधी पातळ प्लॅस्टिक आणि त्यावर कागदी चिकटपट्टी गुंडाळायला लावली, आतल्या बाजूने रेघ मारून ती कापून काढली आणि उलगडून सपाट केली. तोच नमुना. तो सगळ्या बाजूंनी थोडासा लहान कापायचा, म्हणजे कातडे चाकाला आवळून बसते. जे आवळून बसत नाही, तेच घाटात फिरते.

बकऱ्याचे कातडे मी नागपूरहून आणले, मिलिमीटरभर जाडीचे. बकऱ्याच्या कातड्यात एवढी लांब पट्टी एकसंध मिळत नाही. म्हणून दोन तुकडे केले आणि जोड आऱ्यांपाशी आणला, जेथे तो डोळ्यांना व हाताला जाणवत नाही. जोडाच्या कडा रापीने तासून पातळ केल्या. मग आरीने भोके पाडायची: कडेपासून तीन मिलिमीटर आत आणि एकमेकांपासून पाच मिलिमीटरवर. एका कडेला सुमारे अडीचशे, दोन्ही कडांना मिळून पाचशे. दोन्ही बाजूंची भोके समोरासमोर आलीच पाहिजेत. एक चुकले की पुढचे सारे तिरपे. जन्मभर मी मुलांच्या वह्यांतील चुका काढल्या. त्या आठवड्यात भाऊ माझ्या भोकांतील चुका काढीत होते.

धागा मेणात ओढून घ्यायचा आणि त्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवायच्या. जोडाच्या शिवणीत दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर जातात. मशीनच्या टाक्यात एक धागा तुटला की शिवण उसवत जाते. या टाक्यात एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. मोटेची शिवण अशीच असे, भाऊंनी सांगितले. चाकावर मात्र सुया आलटून पालटून एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे न्यायच्या, बुटाची नाडी ओवतात तशा.

माझा पहिला प्रयत्न वाया गेला. घाईने धागा ओढला, तेव्हा तीन भोके फाटली. पुढे ओले कातडे लवकर वाळावे म्हणून मी गाडी उन्हात उभी केली. संध्याकाळी ते लाकडासारखे ताठ होऊन आऱ्यांपाशी तडकले होते. भाऊंना दाखवले, तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "घाई करू नोका. ओलं हाय तवर ते आपलं ऐकते. वाळलं का मंग आपल्याले त्याचं ऐका लागते." दुसऱ्या वेळी मी कातडे आतून फक्त दमट केले, रोज दोन तास शिवले, आणि सावलीत वाळू दिले. सहाव्या दिवशी शेवटची गाठ आत दडवली आणि मेणाचा हात फिरवला. चाक हाती घेतले तर ते हाताला हात दिल्यासारखे वाटले.

कोणाला करून पाहावयाचे असेल तर एक सूचना द्यावीशी वाटते. नव्या गाड्यांत चाकाच्या मध्यभागी हवेची सुरक्षा पिशवी असते. तो भाग कधीही झाकू नये. कातडे केवळ कड्यालाच शिवावे, आणि बोटाने जोर लावूनही ते तसूभर सरकत नाही, हे पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

आमच्या भागात गाडीचे काही नवे झाले की सौंसरजवळच्या जामसावळीच्या मारुतीला नारळ फोडण्याची पुष्कळांची रीत आहे. तेथली मारुतीची मूर्ती निजलेली आहे. मी भाऊंना गाडीतून बरोबर नेले. वाटेत त्यांनी एकदा चाकाला हात लावून शिवण चाचपली आणि मान हलवली. एवढीच प्रशस्ती. देवळात आम्ही दोघे शेजारी उभे राहिलो. आमच्या दोघांच्या चपला बाहेर होत्या, शेजारी शेजारी.

परतताना मी त्यांना घरी आणले. मनाशी ठरवले होते, की आज त्यांना माजघरात बसवायचे. दारापाशी आलो तो ते ओट्यावर टेकले. मी म्हणालो, "भाऊ, आत चला." ते म्हणाले, "इथं हवा चांगली हाय." मी दोनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा करण्याचा मला धीर झाला नाही. कारण त्यांच्या हसण्यात नकार नव्हता, सवय होती, आणि ती सवय आमच्या घराने लावली होती. मग मीही ओट्यावर बसलो. पत्नीने घरातल्या नेहमीच्या कपांतून चहा आणला. बोलणे मोटेचे झाले, त्यांच्या वडिलांचे झाले, नागपुरात नोकरीला असलेल्या त्यांच्या नातवाचे झाले.

चहा संपला, तसे ते उठले आणि कप हातात घेऊन अंगणातल्या नळाकडे निघाले. विसळायला. मी धावत जाऊन तो त्यांच्या हातून घेतला. आम्ही दोघेही एक क्षण तो कप धरून उभे होतो. नंतर त्यांनी तो सोडला.

तो कप मी विसळला. पुढच्या पोळ्याला मी त्यांना जेवायला बोलावले आहे. ते आत येतील की ओट्यावर बसतील, हे त्यांनी ठरवायचे आहे; ते बसतील तेथे माझेही पान मांडले जाईल. वडिलांची गाडी आता घाटात सरळ चालते.